संगणकाची मेमरी वाढवावी, कीं नवा संगणक घ्यावा ?

शेतकऱ्याच्या घरीं संगणक कशाला, असें आतां कोणी विचारीत नाहीं. २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या निघूं लागला. साडेबारा टक्के भूखंडाचे कागद, वाशीच्या बाजारांत धाडलेल्या मालाच्या हिशेबपट्ट्या, रोपवाटिकेचा जमाखर्च, मुलांचे प्रवेशअर्ज हीं सर्व कामें पनवेल-उरणकडील पुष्कळ घरांत टेबलावरील एकाच यंत्रावर होतात. हें यंत्र पांच-सात वर्षांचें झालें म्हणजे मंदावतें, आणि दुकानदार सांगतो, "काका, हा टाका, नवाच घ्या." या सल्ल्याचा खर्च अलीकडे फार वाढला असल्यामुळें त्याविषयीं लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

मेमरी, म्हणजे बाजारांत जिला रॅम म्हणतात ती, काय वस्तु आहे हें प्रथम पाहूं. आमची हयात मामलेदार कचेरींत गेली, म्हणून तेथलाच दाखला देतों. कारकुनाचें टेबल म्हणजे रॅम, आणि रुमालांत बांधलेलीं दप्तरें ज्या खोलींत असतात ती खोली म्हणजे हार्डडिस्क. टेबल लहान असेल तर दर दोन मिनिटांनीं एक दप्तर ठेवून दुसरें आणण्यास उठावें लागतें, आणि खिडकीबाहेरच्या पक्षकारास वाटतें कीं कारकून आळशी आहे. (कधीं कधीं तो असतोहि.) टेबल मोठें केल्यानें लिहिण्याचा वेग वाढत नाहीं, हेलपाटे तेवढे वांचतात.

म्हणून पैसा खर्चण्यापूर्वीं हे हेलपाटे खरोखर होतात कीं नाहीं तें पाहावें. नेहमींचीं सर्व कामें उघडीं ठेवून कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत परफॉर्मन्स या सदराखालीं मेमरीचा आलेख दिसतो. ऐन कामाच्या भरांत तो शेंकडा ८५-९० वर टेकत असेल तर मेमरी अपुरी आहे असें समजावें. निम्म्यावरच राहत असेल तर दोष अन्यत्र आहे, आणि जुन्या यंत्रांत तो बहुधा फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कचा असतो. तिच्या जागीं एस. एस. डी. बसविली असतां जो फरक पडतो तो अशा यंत्रांत मेमरी कितीहि वाढविली तरी पडत नाहीं. यंत्रांत रॅमच्या खाचा किती व त्यांपैकीं भरलेल्या किती, हेंहि त्याच ठिकाणीं लिहिलेलें असतें. आणखी एक गोष्ट: विंडोज ३२ बिटचें असेल तर ४ जी. बी. पलीकडील मेमरी त्याच्या उपयोगाचीच नाहीं.

आतां भावाकडे वळूं. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव चढूं लागले ते वर्षअखेरीस कित्येक प्रकारांत दुपटीहून वर गेले. याचें कारण कळण्यास फार दूर जावयास नको. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यांत आणि २०२० पासून पनवेलकडेहि ज्या प्रचंड इमारती दिसतात त्या डेटा सेंटर होत. जेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आज रात्रंदिवस संगणक चालतात. अशीं केंद्रें जगभर उभीं राहत आहेत, आणि त्यांतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना एच. बी. एम. नांवाची खास मेमरी लागते. ती व आपली साधी मेमरी एकाच प्रकारच्या सिलिकॉनच्या चकतीवर पिकते. परंतु तेवढ्याच साठवणीस एच. बी. एम. ला चकती सुमारे तिप्पट खर्चीं पडते. जगांत हें पीक मुख्यत्वें सॅमसंग, एस. के. हायनिक्स व मायक्रॉन या तिघांच्या हातीं. उसाला दर आला म्हणजे ज्वारीचें रान कमी होतें, तसेंच येथें झालें. जुन्या डी. डी. आर. ४ जातीचें उत्पादन या कारखानदारांनीं २०२५ सालीं आंखडतें घेण्याचें ठरविलें, आणि ३ डिसेंबर २०२५ रोजीं मायक्रॉननें क्रूशियल या नांवानें चालणारी किरकोळ ग्राहकांची विक्री बंद करण्याचें जाहीर केलें.

हा भाव उतरेल काय ? पूर्वीं प्रत्येक वेळीं उतरला आहे. जुलै १९९३ मध्यें जपानांतील निइहामा येथें सुमितोमो केमिकलच्या कारखान्यांत स्फोट झाला. चिप झांकण्यास लागणारें राळेसारखें द्रव्य तेथें मोठ्या प्रमाणावर होत असे. तेवढ्या बातमीनें मेमरी महागली व पुढें उतरली. २०१६ ते २०१८ भाव चढे होते, २०१९ त घसरले. २०२३ त तर माल इतका तुंबला कीं कारखानदारांनींच उत्पादन कमी केलें. कांद्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. मात्र कांदा चार महिन्यांत येतो, आणि चिपचा नवा कारखाना आंब्याच्या कलमाप्रमाणें कित्येक वर्षें घेतो. तेव्हां भाव पुढच्या दिवाळीस उतरतील या भरंवशावर अडलेलें काम थांबवूं नये, आणि उद्यां आणखी चढतील या धास्तीनें नको असलेला मालहि भरूं नये.

आमचें मत असें कीं, संगणक २०१८ च्या पुढचा असेल व मेमरीच कमी पडत असेल, तर रॅमची एक पट्टी घालून तो आणखी तीन-चार वर्षें वापरावा. ८ जी. बी. ची १६ झाली म्हणजे आपल्या कामास पुरे. ३२ चा मोह टाळावा. नव्या संगणकाच्या किंमतींतहि हीच महाग मेमरी व तितकीच महाग एस. एस. डी. धरलेली असते, हें दुकानदार आपण होऊन सांगत नाहीं. उलट, संगणक त्याहून जुना असेल तर त्याच्या मेमरीवर एक रुपयाहि घालूं नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती ग्राहकांस नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टी. पी. एम. २.० हा सुरक्षेचा भाग आणि इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीचा अथवा पुढचा प्रोसेसर लागतो. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात तें यंत्र सुरक्षेच्या दुरुस्तीवांचून चालविणें म्हणजे कुंपण नसलेल्या रानांत भुईमूग पेरणें होय. तेथें नवा, किंवा एखाद्या कचेरींतून निघालेला आठव्या पिढीचा जुना संगणक पाहावा.

पट्टी आणतांना जुनी काढून बरोबर न्यावी. डी. डी. आर. ३, ४ व ५ यांची खांच निरनिराळ्या जागीं असते. एकीची दुसरीच्या जागीं बसत नाहीं, बळजबरी केल्यास मदरबोर्ड मोडतो. शक्य तों त्याच वेगाची व तेवढ्याच साठवणीची घ्यावी, म्हणजे दोघींची जोडी नीट चालते. खरेदी वाशींत करा वा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, जी. एस. टी. ची पक्की पावती व हमीचा कागद घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत; भाव चढे असतात तेव्हां नकली मालहि बाजारांत येतो. बसवितांना विजेची तार काढावी, यंत्राच्या लोखंडी अंगाला हात लावून मग पट्टीस हात घालावा. आपल्याकडील दमट हवेनें, विशेषतः आषाढ-श्रावणांत, पट्टीच्या सोनेरी दांत्यांवर मळ बसून संगणक सुरूच होत नाहीं. अशा वेळीं ते दांते शाळेंतील साध्या खोडरबरानें हलके पुसून पाहावे. कित्येकदां नव्या यंत्राचा खर्च तेवढ्यानें टळतो.

जुना संगणक काढून टाकावयाचाच झाल्यास भंगारवाल्यास सबंध देऊं नये. चढ्या बाजारांत चालू स्थितींतील रॅमला स्वतंत्र किंमत येते. हार्डडिस्क मात्र काढून घरींच ठेवावी, कारण तींत आपले सातबारे, आधारच्या प्रती व बँकेचे कागद असतात, आणि ते नुसते पुसले तरी जाणत्यास परत काढतां येतात.