धीर येतो कुठून?

कांद्याचा भाव पडला की घोडेगावात ते कळायला पेपर उघडावा लागत नाही. मार्केटबाहेर उभ्या ट्रॅक्टरांकडे आणि चहाच्या टपरीवर गप्प बसलेल्या माणसांकडे बघितलं तरी पुरतं. त्यातल्याच एखाद्या घरातली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या एसटीत उभ्यानं प्रवास करत कॉलेजला जाते. फी बाकी, एक विषय राहिलेला आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू. तिला सगळे सांगतात, 'धीर धर.' पण धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय? आणि तो येतो कुठून?

या प्रश्नाशी वर्षानुवर्षं झगडलेली एक बाई आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. घोडेगावातून शिंगणापूरमार्गे पश्चिमेला गेलं की राहुरी लागते. १९०० साली याच राहुरीत लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीच्या तासाला 'स्मृतिचित्रे'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या पुस्तकामागचं आयुष्य मात्र परीक्षेच्या नोट्समध्ये मावत नाही.

सगळं एका दिवसात बदललं

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घरात सोवळं इतकं कडक, की वडील मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायला लावत. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, बुद्धिमान, पण तापट आणि लहरी. कधी उठून कुठं निघून जातील आणि हातातले पैसे कुणाला देऊन टाकतील, याचा नेम नाही.

रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना 'नवा करार' दिला. ते वाचत गेले, त्यात गुंतत गेले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी हे आभाळ कोसळणंच होतं. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यासारखा. त्या काळी अशा बाईला ना सासरी धड जागा, ना माहेरी. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. 'नवरा ख्रिस्ती झाला, म्हणून मागोमाग बायकोही झाली' इतकी ही सोपी कथा नाही. त्या टिळकांकडे परत आल्या, तेव्हाही आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या. मग हळूहळू प्रश्न पडायला लागले. माणसाच्या हातचं पाणी त्याच्या जातीमुळे बाटतं, हे ठरवलं कुणी? देवानं की माणसानं? प्रश्न त्यांचे होते आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला, तोवर नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षं उलटली होती.

श्रद्धेनं काय दिलं?

बाप्तिस्म्यानंतर दुःखं संपली का? मुळीच नाही. पैशाची ओढाताण तशीच राहिली आणि टिळकांचा स्वभावही तसाच राहिला. ते दुष्काळाचे दिवस होते. पुढं या घरात पोरकी मुलं वाढली, विद्यार्थी राहिले. बालकवी ठोंबरेही नगरला टिळकांच्या घरी राहिले होते. आपल्याच घरात चणचण असताना लक्ष्मीबाई दुसऱ्यांची पोरं सांभाळत होत्या.

ख्रिस्ती श्रद्धेतला धीर कळायला हे घर बघावं. आपल्याकडे संकट आलं की लोक पटकन म्हणतात, 'मागच्या जन्माचं पाप' किंवा 'नशीबच खोटं'. आधीच खचलेला माणूस त्यानं आणखी खचतो. ख्रिस्ती कथेच्या मध्यभागी क्रूस आहे. ज्याच्या हातून काही चुकलं नाही, त्यालाच तिथं खिळे ठोकले गेले. म्हणजे दुःख आलं याचा अर्थ देवानं टाकलं, असा होत नाही. आपण ज्याला हाक मारतो, तो या वेदनेतून स्वतः गेलेला आहे, असं मानणाऱ्याला एकटं वाटत नाही. आणि ज्याला एकटं वाटत नाही, तो दुसऱ्यासाठी हात पुढं करू शकतो.

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधे एक शनिवार असतो. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शुक्रवारी सगळं संपलेलं आणि रविवारचा पत्ता नाही. येशूचे शिष्यसुद्धा त्या दिवसांत दारं लावून, घाबरून बसले होते. आपली बरीचशी वर्षं अशा शनिवारातच जातात. निकाल लागलेला नाही, नोकरीचं पत्र आलेलं नाही, पाऊस पडलेला नाही. भीती वाटते म्हणजे श्रद्धा नाही, असं त्या शिष्यांकडे बघून तरी म्हणता येत नाही.

पन्नाशीनंतरचं धाडस

मे १९१९ मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं ते पुढं लिहायला घेतलं आणि पूर्णही केलं. पुढं मुलाबरोबर त्या कराचीला गेल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. १९३६ मध्येच त्यांचं निधन झालं.

त्या पुस्तकात रडगाणं नाही. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात, नवऱ्यावर हसतात आणि झालेला त्रासही लपवत नाहीत. ज्या प्रसंगानं आपल्याला मोडलं, तो नंतर हसत सांगता येणं, हीसुद्धा धीराचीच खूण.

त्याच पिढीतल्या पंडिता रमाबाईंचंही असंच. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, मग भाऊ, आणि १८८२ मध्ये नवरा. पदरी एक मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढं दुष्काळातल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावला 'मुक्ती' उभं केलं. हे केडगाव नगरला लागून असलेलं नव्हे, दौंडजवळचं. उपासमार स्वतः सोसलेल्या बाईनं उपाशी मुलींसाठी घर बांधलं.

आज, आपल्यासाठी

घोडेगावातून संभाजीनगरच्या दिशेनं निघालं की वडाळा लागतं. तिथल्या मिशनवरून आपण आजही त्याला 'वडाळा मिशन'च म्हणतो. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं रविवारी चर्चला जातात. कुणी हरिपाठ म्हणतं, कुणी नमाज पढतं, कुणी कशालाच मानत नाही. लक्ष्मीबाईंकडून घेण्यासारखं मात्र सगळ्यांसाठी आहे. प्रश्न मनात दाबून ठेवू नका. एकट्यानं कुढू नका, आपली माणसं शोधा. आणि स्वतः अडचणीत असतानाही कुणासाठी तरी छोटं काम करा, मग ते ज्युनिअरला गणित शिकवणं का असेना.

प्रार्थना आणि मदत मागणं यांत भांडण नाही. मन फारच बुडायला लागलं, तर घरच्यांशी, मित्राशी, सरांशी-मॅडमशी बोला. सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. लक्ष्मीबाईंना घरातलं सोवळं ओलांडायला पाच वर्षं लागली. तुम्हाला एक सेमिस्टर जास्त लागलं, तर काही बिघडत नाही.