डोक्याच्या सीटी स्कॅनचा डोस: दोन रुग्णालयांची तुलना करायची कशी?

सीटी स्कॅन झाला की यंत्र प्रतिमांसोबत डोसचं एक पान तयार करतं. निरनिराळ्या रुग्णालयांत डोक्याच्या स्कॅनसाठी किती किरण वापरले जातात हे तपासायचं तर आपण तिथूनच सुरुवात करायची.

पानावरचे दोन आकडे कामाचे. ‘सीटीडीआय-व्हॉल’ म्हणजे किरणांचा मारा किती तीव्र; तो मिलिग्रेमध्ये असतो. त्याला स्कॅन केलेल्या लांबीने गुणलं की ‘डीएलपी’.

मात्र हे रुग्णाच्या मेंदूने शोषलेले आकडे नव्हेत. डोक्याऐवजी १६ सेंटिमीटर व्यासाचा ॲक्रिलिकचा दंडगोल (फँटम) ठेवला असता तर त्यात किती डोस पडला असता, एवढंच यंत्र सांगतं. पानावर ३२ सेंटिमीटर लिहिलं असेल तर तो छाती-पोटासाठीचा फँटम. किरण तेवढेच, पण आकडा जवळपास निम्मा दिसतो, आणि एखादं रुग्णालय उगाचच काटकसरी ठरतं.

पुढची पायरी रुग्ण निवडण्याची. प्रत्येक ठिकाणचे निदान २० प्रौढ रुग्ण घ्यावेत, तेही एकाच कारणासाठी स्कॅन झालेले. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अपघातातल्या रुग्णाचा साधा स्कॅन आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन दोनदा काढलेला स्कॅन एकाच यादीत आले, तर दुसऱ्याचा डीएलपी दुपटीच्या घरात जातो. पानाच्या तळाशी असते ती सगळ्या फेऱ्यांची बेरीज. आपल्याला हवी ती फेरी वेगळी काढावी लागते. मुलांची यादी तर वयोगटानुसार स्वतंत्रच हवी.

मग प्रत्येक रुग्णालयाचा मधला आकडा (मध्यक) काढायचा. सरासरी नको, कारण स्कॅन चालू असताना हललेला एखादा रुग्णही ती वर ओढतो.

हे मध्यक चढत्या क्रमाने मांडले की तीन-चतुर्थांशावर येणारी किंमत म्हणजे ‘निदान संदर्भ पातळी’. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने प्रौढांच्या डोक्यासाठी ती ७५ मिलिग्रे धरली आहे. ही मर्यादा नव्हे, आणि एकट्या रुग्णाला तर ती लावायचीच नाही. रुग्णालयाचा मध्यक तिच्यावर गेला तर कारण शोधायचं, इतकंच.

कारणाचा माग आकड्यांतच असतो. सीटीडीआय ठीक, पण डीएलपी जास्त? मग स्कॅन मानेपर्यंत ओढला जातोय किंवा विनाकारण दोनदा होतोय. दोन्ही जास्त असतील तर यंत्राची सेटिंग पाहावी.

२००९ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका रुग्णालयात मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनची सेटिंग चुकल्याचं उघड झालं. सुमारे दीड वर्षात दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या आठपट डोस गेला होता, आणि ते कळलं एका रुग्णाचे केस गळाल्यावर. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्कॅन सुरू करण्याआधीच पडद्यावरचा डोस पाहून घ्यायला सांगितलं.

डोस कमी करतानाही घाई नको. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक मुळातच पुसट. प्रतिमा फार दाणेदार झाली तर ताजा पक्षाघात नजरेतून सुटतो. म्हणून सेटिंग थोडी खाली आणायची, रेडिओलॉजिस्टला प्रतिमा दाखवायच्या आणि ती पसंत पडली की पुन्हा २० रुग्णांची नोंद घ्यायची.