वरच्या वर्गाचे पोर, खालच्या वर्गाचे पुस्तक

सीमाभागातील मराठी शाळेचा विषय निघाला की आपण पटसंख्येवर बोलतो, शिक्षक भरतीवर बोलतो, फलकांवर बोलतो. बोलायलाच हवे. परंतु तिसरीतील मुलाला धडा वाचता येतो का, हा प्रश्न आमच्या समितीच्या बैठकीत कधी निघाल्याचे फारसे आठवत नाही. ज्या घरचे मूल वाचताना अडखळते, त्या घरच्या दारात पुढच्या जूनमध्ये इंग्रजी शाळेची गाडी उभी राहते, हे मात्र गावोगाव पाहायला मिळते.

दुखणे केवळ आपले नव्हे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०२२ साली २०.५ टक्के होती, २०२४ साली २७.१ टक्के. म्हणजे चारांतील जवळजवळ तिघे मागेच. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. आपले मूल दोन लिप्या बरोबरच शिकते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली जातो आणि रफाराची खूण अक्षरानंतर येते. मराठीत पहिला वर्ण अर्धा होतो आणि रफार डोक्यावर बसतो. ‘पर्वत’ शब्दापाशी अडलेले पोर पुष्कळदा मठ्ठ नसते, दोन नियमांच्या मध्ये सापडलेले असते.

एका शिक्षकाकडे तीन-चार वर्ग असले की प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे अशक्य. म्हणून आम्ही वरच्या वर्गातील मूल खालच्या वर्गातील मुलाशेजारी बसवू लागलो. ही काही परदेशी टूम नव्हे. पंतोजींच्या शाळेत थोरली पोरे धाकट्यांकडून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी तिकडच्या देशी शाळेत वाळूवर अक्षरे काढणारी मुले पाहिली, ती रीत उचलली, थोरल्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केले आणि १७९७ साली त्यावर पुस्तक काढले. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या ‘नलिकली’तही मित्राच्या मदतीने शिकणारा गट असतोच.

पहिल्या वर्षी आम्हीच चुकलो. सातवीतला सर्वांत हुशार मुलगा दुसरीतल्या सर्वांत कच्च्या मुलीला दिला. तो छोटा मास्तर झाला, हातात छडी नव्हती एवढेच. ती अडखळण्याआधीच तो शब्द सांगे, ती मागून म्हणे. महिन्याने धडा तोंडपाठ, पण मधल्याच शब्दावर बोट ठेवले की गप्प.

मग तिला पाचवीतला असा मुलगा दिला, जो स्वतःच अडखळत वाचे. दुसरीचे पुस्तक हाती धरणे त्याला लाजिरवाणे वाटले असते. धाकटीला शिकवायचे म्हटल्यावर तेच पुस्तक घरी नेऊन तो आदल्या रात्री वाचून येऊ लागला. दोघांनी आधी एकसुरात वाचायचे. तिने बाकावर टिचकी मारली की त्याने थांबायचे, तिने एकटीने पुढे जायचे. चुकली तर त्याने मनात पाच आकडे मोजायचे, तरी जमले नाही तर शब्द सांगायचा. हसायचे नाही. वीस मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. पुस्तकात ‘करत आहे’ आले की तो सांगे, ‘म्हंजे करालाय गं!’ आमच्या बी. एड्.मध्ये हे कोणी शिकवले नव्हते. दिवाळीपर्यंत ती सावकाश पण स्वतः वाचू लागली, आणि तो आपल्या वर्गात वाचायला आपणहून उभा राहिला.

‘आमच्या पोराने दुसऱ्याच्या पोराला का शिकवायचे?’ असे एका पालकांनी विचारले. त्यांना आम्ही त्याच मुलाचे वाचन ऐकवले. खरी भीती वेगळी आहे. पोरेच शिकवतात तर शिक्षक कशाला, असे वर कोणाला सुचू नये. जोडी कोणाची, पान कोणते, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. दर शनिवारी प्रत्येक धाकट्याकडून एक अनोळखी पान आम्ही स्वतः वाचून घेतो. रिकाम्या जागा भरण्याची मागणी यामुळे तसूभरही कमी होत नाही.

सध्या अडते ते पुस्तकांपाशी. पाठ्यपुस्तक दोन महिन्यांत पाठ होते. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. कोणाच्या माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीवाला येण्याआधी गावच्या शाळेत आणून द्यावेत. मुखपृष्ठ नसले तरी चालेल.