दारापासून आठ फूट, दारापासून पस्तीस फूट

‘बफर झोन’ हा शब्द आम्हा फौजी लोकांना सीमेवरून ठाऊक. अमेरिकेत तो गर्भपात केंद्रांच्या दारापर्यंत पोचला आहे. आत जाणाऱ्या बाईला कुणी फुटपाथवर गाठून ‘हे करू नका’ म्हणालं, तर ते भाषणस्वातंत्र्य की त्रास? दोन खटले पाहू.

पहिला कोलोरॅडोचा. १९९३ च्या कायद्यानं आरोग्य केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत एक नियम घातला. पत्रक द्यायला, फलक दाखवायला किंवा समजावायला कुणाच्या संमतीशिवाय आठ फुटांपेक्षा जवळ जायचं नाही. २००० साली ‘हिल विरुद्ध कोलोरॅडो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा उचलून धरला. बोलायला बंदी नाही, आपल्या जागी उभं राहून बोला. पण ज्याला ऐकायचं नाही, त्यालाही वाट मोकळी हवी, असा विचार. न्यायमूर्ती स्कालिया यांचा आक्षेप असा, की शब्दांत तटस्थ दिसणारा हा कायदा प्रत्यक्षात एकाच बाजूचं तोंड दाबतो.

दुसरा मॅसॅच्युसेट्सचा. तिथं १९९४ मध्ये दोन केंद्रांवर गोळीबार होऊन दोघी कर्मचारी मारल्या गेल्या होत्या, म्हणजे सरकारची भीती पोकळ नव्हती. २००७ च्या कायद्यानं दारापासून पस्तीस फुटांत थांबायलाच मनाई केली. एलिनॉर मॅककलेन या वृद्ध बाई न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं : मी ओरडत नाही, हळू आवाजात बोलते, आणि पस्तीस फुटांवरून हळू बोलता येत नाही. २०१४ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश असा : हेतू योग्य, पण उपाय गरजेपेक्षा मोठा. वाट अडवणाऱ्याला, धमकावणाऱ्याला पकडा. शांत माणसाला सरसकट हटवू नका.

म्हणजे कसोटी तीन प्रश्नांची. कायदा मत पाहून बंदी घालतो का? निर्बंध गरजेपुरताच आहे का? बोलायला दुसरी वाट उरते का? २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, तरी हा वाद संपला नाही. २०२५ मध्ये कार्बनडेल शहराच्या प्रकरणात ‘हिल’चा फेरविचार करा अशी मागणी झाली. न्यायालयानं ते प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस यांनी त्याला विरोध नोंदवला. ‘हिल’ आजही उभा आहे.

आपल्या घटनेच्या कलम १९ मध्ये ‘वाजवी निर्बंध’ हे शब्दच लिहिलेले आहेत. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते नाहीत, म्हणून तिथं न्यायालयाला अशा कसोट्या घडवाव्या लागल्या. पण ‘वाजवी’ म्हणजे किती फूट, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

मला विचाराल, तर उत्तर शोधताना एक करावं. त्या दारात आधी आत जाणाऱ्या बाईच्या जागी उभं राहावं, मग पत्रक घेतलेल्या बाईच्या. दोन्ही जागांवरून जो नियम न्याय्य वाटेल, तोच टिकाऊ.