शेतीच्या नोंदींसाठी संगणक : आधी दुसरी प्रत, मग लॅपटॉप

विरार पूर्वेला फुलपाडा भागात, पापडखिंड धरणाच्या बाजूने जाताना आता शेतांपेक्षा इमारती अधिक दिसतात. तरीही वसई-विरार पट्ट्यात सोनचाफा, मोगरा, केळी, पानवेल व भाजीपाला घेणारे बागायतदार टिकून आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांची हिशेबाची वही आता संगणकात गेली आहे. बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला एकच लॅपटॉप घरात असतो. त्यातच दादरच्या फूलबाजारातील पट्ट्या, फवारणीच्या तारखा, माती परीक्षणाचे अहवाल आणि रोगट पानांची छायाचित्रे साठत जातात.

असे बागायतदार लॅपटॉप कोणता घ्यावा हे विचारतात. त्याआधी एक गोष्ट ठरवावी : हा लॅपटॉप उद्या बंद पडला तर काय परत मिळेल आणि काय मिळणार नाही? सातबारा व ८-अ शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. परंतु कोणत्या साली सोनचाफ्याचा बहर कधी आला, कोणत्या औषधाने तुडतुडे आटोक्यात आले, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे बाकी आहे, या नोंदी तुमच्याखेरीज कोणाकडेही नसतात. यंत्र पैसे देऊन पुन्हा आणता येते. दहा वर्षांच्या नोंदी आणता येत नाहीत.

बियाण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ हाच विचार करतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली जागतिक बीजकोठार सुरू झाले. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची गहू, बार्ली व कडधान्यांची मोठी जनुकपेढी होती. यादवी युद्धामुळे तेथे काम करणे अशक्य झाले. परंतु बियाण्याचे दुसरे नमुने स्वालबार्डला ठेवलेले होते. २०१५ साली ते काढून लेबनॉन व मोरोक्को येथे लावण्यात आले आणि नवे बी पुन्हा कोठारात जमा झाले. नमुने एकाच जागी असते तर हे जमले नसते.

संगणकाच्या बाबतीत हाच नियम तीन-दोन-एक असा सांगतात. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आपल्या भागात शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून लोकलसेवा ठप्प झाली, तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. लॅपटॉप आणि हार्डडिस्क एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकदमच भिजतात.

प्रत कशावर ठेवावी?

घरगुती वापरासाठी बाहेरून जोडण्याची हार्डडिस्क स्वस्त आणि पुरेशी असते. दोन घ्याव्यात. एक घरी ठेवावी, दुसरी दुसऱ्या गावी भावाकडे किंवा लेकीकडे ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करावी. हार्डडिस्कमध्ये फिरती तबकडी असते, म्हणून ती पडू देऊ नये. कोकणातील दमट, खाऱ्या हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक आहे. एकमेव प्रत म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या छायाचित्राचा दर्जा उतरतो, त्यामुळे पानावरील बारीक डाग नंतर दिसत नाहीत.

इंटरनेटवरील साठा ही तिसरी सोय. गूगलवर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. परंतु ई-मेल, फाइली आणि जून २०२१ पासून छायाचित्रेही त्यातच मोजली जातात. येथे एक गैरसमज आढळतो. लॅपटॉपमधील फोल्डर इंटरनेटशी जोडलेला असेल तर लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते, नंतर जाते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणूही असतात. मे २०१७ मधील वॉनाक्राय त्यांपैकीच. कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्क त्यांच्या तावडीत सापडते. म्हणून आठवड्यातून एकदा, हिशेब पुरा झाल्यावर, ती जोडावी, प्रत घ्यावी आणि काढून ठेवावी.

बी साठवले म्हणजे ते उगवतेच असे नाही. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आपण उगवण पाहतोच. तशीच प्रतही तपासावी. दर तीन महिन्यांनी हार्डडिस्कवरील पाच-दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हेही तेव्हाच कळते. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

लॅपटॉप निवडताना

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात वसई-विरारमध्ये अनेक ठिकाणी बराच काळ वीज नव्हती, हे येथील वाचकांना आठवत असेल. हिशेब, छायाचित्रे व इंटरनेट यासाठी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. १६ व ५१२ परवडत असेल तर उत्तम. रॅम व एसएसडी बदलता येतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे. चकचकीत पडद्यापेक्षा मंद पडदा ओटीवर उजेडात वाचता येतो.

माझ्या मते स्वस्तातला नवा, पातळ प्लास्टिकचा लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांतून निघालेला, नीट तपासून दिलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक घ्यावा. त्यांचे कीबोर्ड व बिजागऱ्या दणकट असतात आणि सुटे भाग मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत, त्यामुळे जुन्या यंत्राची पिढी पाहूनच सौदा करावा. बॅटरी किती उतरली आहे हे समोर चालवून पाहावे. नव्या यंत्राला वॉरंटी असली तरी ती यंत्राची असते, आतल्या फाइलींची नसते. सेवा केंद्र जवळ कोठे आहे हेही विचारावे. विरारकराला ते अवघड नाही, जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याला आहे.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये आतील साठा आपोआप सांकेतिक रूपात जातो. यंत्र बिघडल्यावर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर काहीही वाचता येत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते पुष्कळदा दुकानातल्या पोराने स्वतःच्या ई-मेलवर उघडलेले असते. खाते स्वतःच्या नावाने उघडून घ्यावे, की कागदावर उतरवावी आणि तो कागद जमिनीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावा.