आडवी बाटली जिंकली, मग दुकान कधी बंद होतं?



निवडणुकीत आपण माणूस निवडून देतो. पण कधी कधी माणूस नाही, तर एखादा प्रश्नच थेट लोकांसमोर ठेवला जातो. लोकांनी त्यावर 'हो' किंवा 'नाही' सांगायचं. यालाच जनमत म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातलं याचं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे गावातल्या दारू दुकानासाठी होणारं मतदान. त्यासाठी राज्य सरकारने 2008 मध्ये आदेश काढला. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा.

आता प्रश्न असा, की मतपेटी उघडली, आडवी बाटली पुढे निघाली, की लगेच दुकानाला कुलूप लागतं का? नाही! मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

1) मागणी आणि पडताळणी
गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्या करून मागणी करावी लागते. या सह्या मतदार यादीशी ताडून पाहिल्या जातात. सही करणारी बाई खरोखर त्याच गावची मतदार आहे का, सही तिचीच आहे का, हे तपासतात. इथे सह्या कमी भरल्या तर मतदानाची वेळच येत नाही.

2) गुप्त मतदान आणि मोजणी
मतदान सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होतं. ते गुप्त असतं, कारण घरच्यांच्या किंवा दुकानदाराच्या दबावाशिवाय बाईला मत देता आलं पाहिजे.

3) खरी मेख : निम्मे कुणाचे?
हा मुद्दा नीट लक्षात घ्या. आडवी बाटली जिंकायला *झालेल्या* मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीतल्या *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात.

एक काल्पनिक गणित करू. समजा, गावात 800 महिला मतदार आहेत. म्हणजे मागणीसाठी 200 सह्या हव्यात आणि जिंकायला किमान 401 मतं. मतदानाला 520 जणी आल्या. आडवी बाटली 390, उभी बाटली 118, बाद 12. आडव्या बाटलीला तिपटीहून जास्त मतं! तरीही दुकान चालूच राहणार, कारण 401 झाली नाहीत. घरी राहिलेल्या 280 जणींनी कुणालाच मत दिलं नाही, पण त्याचा फायदा उभ्या बाटलीला झाला.

4) अहवाल आणि आदेश
निकालाचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आवश्यक मतं पडली असतील तर ते दुकान बंद करण्याचा आदेश काढतात. कायद्याचं बळ येतं ते या आदेशाला. मग राज्य उत्पादन शुल्क विभाग त्याची अंमलबजावणी करतो. परवानाधारक या आदेशाला आव्हान देऊ शकतो. म्हणून सह्या, यादी आणि मोजणीची कागदपत्रं चोख असणं फार महत्त्वाचं आहे.

आणि हो, हे मतदान परवाना असलेल्या दुकानापुरतंच असतं. हातभट्टीची दारू मुळातच बेकायदा आहे. ती बंद करायला मत कशाला हवं? तिथे तक्रार आणि कारवाईच हवी.

तुलना करून पाहा
गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर 'फूल', केंद्रशासित राहायचं असेल तर 'दोन पाने'. त्यासाठी संसदेने आधी, 1966 मध्ये, खास कायदा केला होता. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मतं पडली. तिथे पडलेल्या मतांतलं बहुमत पुरलं. आडव्या बाटलीला मात्र ते पुरत नाही.

म्हणजे जनमताचा निकाल फक्त मतं किती पडली यावर ठरत नाही, ती कशाच्या तुलनेत मोजायची यावरही ठरतो. तुमच्या गावात असं मतदान ठरलं, तर आई, आजी, काकू, मावशी सगळ्यांना हे 401 चं गणित नक्की समजावून सांगा.

विचार करा : तुमच्या गावात 1,250 महिला मतदार असतील, तर मागणीसाठी किती सह्या आणि दुकान बंद होण्यासाठी किमान किती मतं लागतील? वहीत सोडवा, उद्या वर्गात बोलू.