कुर्लीचे तुकडे करून खाणारा खाडीतला छोटा साप



खाडीत जाळी लावणाऱ्या आणि कुर्ल्या धरणाऱ्या आपल्या माणसांना साप काही नवीन नाही. पण पाण्यात साप दिसला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. एक तर वल्ह्याने ठेचायचा, नाही तर “पाण्यातला साप, त्याला कुठलं विष” म्हणत शेपटीला धरून फेकायचा. पहिल्यात एक गरीब जीव फुकट जातो, दुसऱ्यात आपला माणूस जाऊ शकतो. म्हणून आज एका छोट्या सापाची नीट ओळख करून घेऊ.

इंग्रजीत याला ग्लॉसी मार्श स्नेक म्हणतात, शास्त्रीय नाव गेरार्डा प्रीव्होस्टियाना. आपण सोयीसाठी चकचकीत खाडीसाप म्हणू. लांबी साधारण एक हात, म्हणजे अर्धा मीटरच्या आसपास, आणि जाडी बोटाएवढी. पाठ एकसारखी करडी किंवा काळपट तपकिरी, तिच्यावर ना पट्टे ना ठिपके. वरच्या ओठावर आणि अंगाच्या खालच्या कडेने फिकट पिवळसर पट्टी, पोटही फिकट. खवले गुळगुळीत, त्यामुळे ओला असताना तेल लावल्यासारखा चमकतो. डोळे बारीक, नाकपुड्या वरच्या बाजूला. त्यामुळे बाकी अंग पाण्यात ठेवून श्वास घेता येतो. शेपटी गोल आणि टोकाला निमुळती.

याचं घर म्हणजे कांदळवनाचा चिखल. भारताच्या किनाऱ्यापासून श्रीलंका, म्यानमार, थायलंड, सिंगापूरपर्यंत तो सापडतो, पण सगळीकडे जागा एकच: भरती-ओहोटीचं पाणी येतं-जातं तिथली खारफुटी. दिवसा तो कुर्ल्यांच्या बिळात आणि चिखलाच्या ढिगाऱ्यात दडून बसतो. रात्री ओहोटी लागून चिखल उघडा पडला की बाहेर निघतो. म्हणूनच आयुष्यभर खाडीत काम केलेल्या माणसालाही तो क्वचितच दिसतो. अंडी घालायला कोरडी जमीन लागत नाही, कारण मादी थेट पिल्लांनाच जन्म देते.

आता त्याची खरी गंमत ऐका. साप भक्ष्य आख्खं गिळतो, तुकडे करत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. हा साप तो नियम मोडतो. त्याचं खाणं म्हणजे नुकतीच कात टाकलेली मऊ कुर्ली. अशी कुर्ली आपल्याही हाती येते, पण बाजारात तिला कोण विचारत नाही. हा मात्र नेमकी तीच शोधतो. तोंडात पकडायची, अंगाचा वेढा घालून तिला आवळायची आणि वेढ्यातून ओढून फाडायची. मग एकेक तुकडा गिळायचा. त्यामुळे तोंडात मावणार नाही एवढी मोठी कुर्लीही त्याला खाता येते. सिंगापूरच्या सापांवर केलेला हा अभ्यास २००२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. कुर्लीचं कवच काही तासांत पुन्हा टणक व्हायला लागतं, म्हणजे या सापाला वेळ साधावी लागते. ज्या चिखलात कुर्ल्या भरपूर, तिथेच याचं पोट भरणार. कांदळवन तोडून भराव घातला तर कुर्लीही गेली आणि तिच्यामागून हाही गेला.

याचे विषारी दात जबड्यात मागच्या बाजूला असतात आणि विष सौम्य. माणसाला त्यापासून धोका नाही.

पण इथेच सावध राहायला हवं. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी आणि समुद्रात खरे समुद्रसापही आहेत. चोचीसारखं नाक असलेला समुद्रसाप तर जाळ्यात नेहमी येतो. त्याचं विष जीवघेणं आहे. ओळखायची खूण शेपटी: समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. चपटी शेपटी दिसली की हात लांब. लहान आहे म्हणून गाफील राहू नका, समुद्रसापाच्या पिल्लालाही विष असतं.

आणि उलटं गणितही मांडू नका. गोल शेपटी म्हणजे बिनविषारी असं नाही. खाजनाच्या बांधावर नाग आणि घोणसही येतात. तेव्हा कुठलाच साप हाताने धरायचा नाही. जाळ्यात आला तर लांब काठीने किंवा आकड्याने सोडवा आणि पाण्यात सोडून द्या. मेलेला दिसला तरी हात लावू नका.

समुद्रसाप चावला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. म्हणून खलाशी “काय झालं नाही” म्हणून काम करत राहतो. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखायला लागतं, मान-जबडा आखडतो, लघवी काळपट होते, श्वास अडकू शकतो. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, समुद्रसापासाठी नाही. त्यामुळे कृत्रिम श्वास आणि डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात वेळेत पोचणं हाच उपाय. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता बोट किनाऱ्याला वळवा आणि वाटेतच १०८ ला फोन करा. एका फेरीची मासळी गेली तरी चालेल.

तांडेलांनी हे आपल्या खलाशांना बोटीवर बसवून सांगावं, विशेषतः बाहेरगावाहून नवीन आलेल्या मुलांना. आणि रात्री ओहोटीला कुर्ल्या धरताना बॅटरीच्या उजेडात तो चमकणारा, हातभर लांबीचा साप दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. तोही आपल्यासारखाच कुर्ल्या शोधायला आलेला असतो.

आपला,
सचिव